सासूबाईंच्या जिभेचा तुकडा

— अहो दादा, तोंड काय वाकडं करताय? बाटली तुम्हीच आणलीत, तुकडा तुमच्याच वडिलांच्या जिभेचा. ठेवा इथे. वास ना? तुकडा नासू नये म्हणून घालतात त्या फॉर्मलिनचा आहे तो, माझ्या तर केसांत मुरलाय. एकोणीस वर्षं हेच करतेय — तुकडा मेणात बसवायचा, केसाहून पातळ चकत्या पाडायच्या, गुलाबी रंगात बुडवून काचेवर चढवायच्या. पुढचं डॉक्टरीणबाई बघतात. काय निघेल ते मला विचारू नका, मी नुसती कापते.

पण जीभ म्हटली की मळमळतं मला. आतडं द्या, किडनी द्या, कापते — जीभ नको. वरून कशी मऊ, ओली! मायक्रोस्कोपखाली धरा, रान माजलेलं दिसतं नुसतं. काटेच काटे, मधूनच अळंबीच्या छत्र्या, त्या छत्र्यांवर चवीच्या कळ्या — लसणीच्या गड्ड्यासारख्या, पाकळ्या मिटून बसलेल्या. आणि काट्यांच्या बेचक्यात काय? जंतू, नाहीतर कालचं खरकटं. शी!

आमच्या सासूबाईंचीही कापलीय मी. हो, ह्याच टेबलावर. दुसऱ्या कुणाला देता आली असती — पण मलाच बघायची होती ती जीभ. का म्हणजे? लग्न झाल्यापासून त्याच जिभेनं छळलं होतं मला! घास तोंडात घ्यायचा, दोनदा चावायचा आणि ताटाच्या काठावर थुंकायचा. ‘हाताला चव नाही मेलीच्या.’ तो चावलेला लगदा, लाळ लोंबणारा, उचलायचा कुणी? मीच. पुढे त्या पडल्या, खुबा मोडला, खाट धरली, तरी थुंकणं चालूच. नवऱ्याची नोकरी फिरतीची, त्याला काय कळतंय? मग मीही म्हटलं, चव लागतच नाही ना, मग चांगलंचुंगलं वाया कशाला घालवा? चहात पाव बुडवायचा आणि द्यायचा. सकाळी तेच, रात्री तेच. चहासुद्धा आपला — म्हणजे, दूध जरा कमीच. अंडी आणायचे मी, नाही असं नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून खायचे.

किती दिवस? दिवस कसले — चार वर्षं. बघू नका असं. त्या खात होत्या की! थुंकणं बंद झालं होतं, मला वाटलं खोड मोडली.

मग जीभ भाजायला लागली त्यांची. सोललेल्या टोमॅटोसारखी लालभडक, कडेला एक फोड, तो काही केल्या बरा होईना. तुकडा काढला, तो इथे आला. मी काच चढवली, आधी स्वतःच डोळा लावला — आणि काय? काटा नाही, छत्री नाही, कळी नाही. नुकतीच गिलावा केलेली भिंत जशी. हसू आलं मला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, बघा, खोट म्हातारीच्या जिभेतच होती, माझा हात चांगलाच होता!

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. म्हणाल्या, ‘कॅन्सर नाही. ह्या बाईला धड खायला मिळत नाहीये. रक्त तपासायला सांगा. हिचं जेवणखाण कोण बघतं?’ त्यांना कुठं माहीत कुणाची जीभ ती. मी काचा पुसत होते. म्हटलं, सून बघत असेल. ‘मग सुनेला बोलावून घ्या,’ म्हणाल्या. मी म्हटलं, बरं.

मग केलं सगळं! इंजेक्शनं, गोळ्या, अंडी, दूध, मासे — माझ्या हातानं भरवलं. तीन-चार महिन्यांत जीभ भरून आली, चवही परतली. एके दिवशी मला कामावर उशीर होत होता, म्हणून घाईत तोच चहा-पाव पुढे केला. एक घास घेतला त्यांनी. थुंकला नाही हो. गिळला. मग माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘हे घालत होतीस मला?’

बस्स, एवढंच. त्यानंतर माझ्या हातचं खातात सगळं, मुकाट्यानं, ताट चाटूनपुसून, आणि घासागणिक माझ्याकडे बघतात. माझ्याच गळ्याखाली काही उतरत नाही. अंड्याचा नुसता वास आला तरी मोरीकडे धावते.

काय म्हणालात? ... नाही, सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. सांगायला उरलंय काय? तुम्ही इथे सही करा. वडिलांचं वय लिहा. रिपोर्ट गुरुवारी, दुपारी तीननंतर. आणि सरका आता खिडकीतून — मागे माणसं उभी आहेत.