मध्यंतर गिळलेला सिनेमा

...नाही, पण मध्यंतर का गिळलं, एवढंच मला सांगा. नाटक जुनं, नावाजलेलं, शाळेत सगळ्यांनी घोकलेलं. काढा की त्याच्यावर सिनेमा, माझी काय हरकत? पण नाटकाला मध्यंतर असतं, मध्यंतरात बुफे असतो, माशाचा तुकडा ठेवलेला पाव, घोटभर कोन्याक ब्रँडी, आणि नकोच असेल तर कोट घेऊन सभ्यपणे घरी जाता येतं. आमच्या तांबोव शहराने संस्कृती जपली ती अशीच. या ग्लेब नावाच्या दिग्दर्शकाने उसासे ठेवले, चहाचा समोवार ठेवला, मध्यंतर तेवढं कापलं. आता उठायचं कसं?

तुम्हाला सांगते, मी जुनी बातमीदार. एका कारखानदाराने मला खोलीत कोंडलं होतं, मी खिडकीतून उडी मारून सकाळच्या अंकात त्याला सोलला. पण इथे मी रांगेच्या मधोमध, आणि शेजारी अर्काडी फोमिच, आमच्या नाट्यगृहातले म्हातारे नट, माझ्याच जिन्यावरच्या घरात राहतात. जन्म रंगमंचावर गेला, सिनेमात पहिल्यांदाच. एकच प्रवेश, म्हाताऱ्या नोकराचा. नवा टाय बांधून आलेले, आणि सारखा माझ्या कोपराला हात... "झिनोच्का, आता मी येतो हं." पडद्यावर कोण? मघापासून खिडकीत उभी तीच बाई. "निघायला हवं," म्हणते, निघत नाही. तिचा भाऊ येतो, "निघायला हवं," म्हणतो आणि बसतो. अहो निघा की, तुम्हाला कोणी धरलंय? धरलंय मला.

आणि आमच्याकडची रीत अशी, की रांगेतून जाताना बसलेल्यांना पाठ दाखवायची नाही. म्हणजे एकेकाच्या डोळ्यांत बघत, "माफ करा, माफ करा" म्हणत पळ काढायचा, आणि टोकाला बसलीय कोण, तर ग्लेबची आई. उठायचं कसं?

तरी उठले. भूक हो, दुसरं काय. ग्लेबची आई कुजबुजली, "बरं वाटत नाही का?" म्हटलं, "भारावून गेलेय." खाली कोट सांभाळणाऱ्या बाई विणत बसलेल्या.

"सिनेमा संपल्याशिवाय कोट नाही."

"का म्हणून?"

"एकेकीसाठी उठून गुडघे मोडून घेऊ? आणि वर कला चाललीय नि तुम्ही निघालात. शिकलेल्या दिसता."

बाहेर उणे बावीस अंश. पातळ स्वेटरवर जाणार कुठे? परत वर, परत "माफ करा".

अर्काडी फोमिच ताठ बसलेले. विचारलं, "झाला का तुमचा प्रवेश?"

"बाई समोवारापाशी गेली. तिथेच मी येतो, दार उघडून. दार उघडलं..."

"मग?"

"मांजर आलं."

तेच म्हणाले, "पुढे घातला असेल." मग काय, बसलो शेवटपर्यंत. नावं सरकली. मांजराचं आलं, ह्यांचं नाही. दिवे लागले, रांग मोकळी झाली, आणि म्हातारा जागचा हलेना. "थोडं बसू या, झिनोच्का." सांगा, आता उठायचं कसं?

ग्लेबची कातडी सोलायची असं मी मनात ठरवलं, तर तो स्वतःच धावत आला आणि म्हाताऱ्याला मिठी.

"अर्काडी फोमिच, तुमचा प्रवेश सगळ्यात सुंदर. म्हणून तर पूर्ण आवृत्तीसाठी राखून ठेवला. सात तासांची आहे. रविवारी दाखवतोय, फक्त आपल्या माणसांना. दोघंही याल ना?"

मी तोंड उघडलं. म्हातारा टायची गाठ सारखी करत माझ्याकडे बघत होता.

म्हटलं, "किती वाजता?"