वच्छलाबाईची मशीन

...आन वरून अश्विन म्हनते, "नवीनच घ्याची होती ना!" आता म्हनते! आता बोलून काय होते जी? मशीन तर घरात येऊन बसली ओट्यावर. आन तिच्यासंग जे आलं, ते कुठी वापस करू? कोनता दुकानदार घेते ते वापस? नाई, तुमीच सांगा! मले फक्त मशीन घ्याची होती जी!

तुमाले सांगते, मी रश्मी, गडचिरोलीले राह्यते, घरी केक करते. बड्डेचे करते, साखरपुड्याचे करते, कोनाचा पोरगा पोलीस भरतीत लागला का त्याचे करते. चौदा एप्रिलले आमच्या विहारासमोर निळ्या क्रीमचा एवढा मोठा केक राह्यते ना, तो माझाच! आन हे सगळं मी हातातल्या बीटरवर करून राह्यली होती. तर यंदा उन्हाळा लागताच त्या बीटरनं क्रीमच्या मधातच धूर सोडला... आन गेला. चौदा एप्रिल समोर उभी! म्हटलं, आता उभी मशीन घेऊ. भांडं खाली, बीटर वर, आपन बाजूले हात बांधून उभं राहाचं. स्टँड मिक्सर!

माझा नवरा अश्विन तिकडं भामरागडकडं आश्रमशाळेत मास्तर हाये. तिथी रेंज भेटली का मानूस बायकोले विचारते ना, बाई कशी हायेस, जेवली का? हे नाई! "रश्मी, आयक! मुंडकं मांगं पडनारी घ्याची का भांडं वर चढनारी, ते ठरव पयले. मोटर किती वॅटची ते पाय. आन बीटर सोताभवती फिरला पाह्यजे, आन भांड्यात गोलबी फिरला पाह्यजे, पृथ्वी फिरते तसा!" मी म्हटलं, पृथ्वीले किती वॅट लागते तेबी सांगून टाक... तर रेंज गेलती!

गेली मी एसटीनं चंद्रपूरले. दुकानदारानं एक लाल मशीन काढली, चकचकीत, नवरीसारखी. म्हटलं, चालवून दाखवा. त्यानं बटन दाबलं, आन मशीन निघाली जी! खरंच निघाली! घर्रर्र करत काउंटरवरून चालाले लागली. दुकानदार मांगून दोन्ही हातानं धरून, "कसं हाये म्याडम, थोडं पकडून ठेवाव लागते." आवो, पकडूनच ठेवाचं हाये तर घरी नवरा नाई का! दुसरी दाखवली तर ती एवढी मोठी, का तिच्यात अख्ख्या लग्नाचं पीठ मळून होईन. मंग तो डोकं खाजवत म्हने, "जुनी चालन का? इथीच, बाबूपेठले एका बाईची हाये. भारी कंपनीची, वजनदार, जागची हालत नाई. माझ्याच दुकानातून नेलती. केक करे ते बाई. आता करत नाई."

आता करत नाई! बस, एवढंच बोलला. मले वाटलं, हात दुखत असतीन, नाईतर सून नको म्हनत असन.

ऐन दुपार. बाबूपेठच्या त्या गल्लीत कुत्रंबी नाई. फाटक उघडं, दार उघडं, आन आतून आवाज... घर्रर्र... घर्रर्र... मशीन सुरू! मी खुश! म्हटलं, बाई कामात हाये. दारातूनच आवाज देल्ला, "ओ बाई! केकवाली बाई! मी मशीन पाह्याले आली!" कोनी बोलत नाई. आवाज सुरूच. अजून जोरानं म्हटलं, "बाई, या ना बाहेर!" तर बाजूच्या घरातून एक म्हातारी डोकावली, सोमारीबाई, आन मले म्हनते, "कोनाले बलावून राह्यली व माय? वच्छला तर गेली."

"कुठी गेली?"

"कुठी गेली म्हंजे? वारली! दिवाळीच्या आधी."

मी सोमारीबाईकडं पाहो, सोमारीबाई माझ्याकडं पाहे... आन आत, घर्रर्र... घर्रर्र... भर उन्हात माझ्या अंगावर काटा, तुमाले सांगते! म्हटलं, "मंग आत कोन फेटून राह्यलं?" तर ते म्हातारी पदर सावरत म्हनते कशी, "रोजच फिरते बाई, दुपारची. आमाले सवय झाली." सवय झाली! भुताची सवय होते का जी कोनाले? मी एसटीची वेळ आठवाले लागली. मले फक्त मशीन घ्याची होती!

पन पाय काही हालेना, आन डोकं काही राहेना. वाकून पाह्यलं. समोरच्या खोलीत खुर्चीवर एक मानूस बसून, स्वयंपाकघराकडं पाठ करून, डोळे मिटून. कोळशाच्या खदानीतून रिटायर झालेले लहानूभाऊ, वच्छलाबाईचे घरवाले. आन मांगं स्वयंपाकघरात कोनीच नाई. ओट्यावर मशीन, भांडं रिकामं, आन बीटर आपला हवेतच गोल फिरून राह्यला... कोनासाठी? मले पाहून भाऊ गडबडले, उठले, बटन बंद केलं. आन घर एकदम चूप झालं.

मंग माझी परीक्षा सुरू झाली. घेनारी मी, आन प्रश्न त्याइचे!

"तुमच्याकडं लाइट लय जाते का बाई? तिले झटका सहन होत नाई."

"एकदम जोरात नका सुरू करू. हळूहळू वाढवा. नाईतर ते चिडते."

"आन उचलाची असन तर मुंडक्याले नका धरू. खालून धरा. सांभाळून."

मले समजेना, हे मशीनचं सांगून राह्यले का बाईचं! विचाराची तर सोय नाई. मी बटनाले हात लावला, तर बटनावर अंगठ्याच्या जागी घासून घासून बारीकसा खड्डा पडलेला. माझा अंगठा बरोब्बर त्यात बसला जी. जनू कोनी खालून हात धरला. मी झटक्यानं काढला!

म्हटलं, "भाऊ, रिकामी मशीन पाहून काय समजते? काही टाकून पाह्याव लागन." भाऊनं डब्यातून साखर काढून देल्ली, कनीक देल्ली. अंडे सोमारीबाईनं भिंतीवरून देल्ले, आन भूत पाह्याले सोताबी आली. मी भांड्यात सगळं टाकलं, भाऊ आपल्या खुर्चीवर जाऊन बसले, पाठ करून. हळूच बटन फिरवलं.

आन आवाज बदलला.

रिकामी फिरताना कसा घर्रर्र, कोरडा, टीनपत्र्यावानी. आता घुम्म... घुम्म... घुम्म... जड, भरलेला. मधात बीटर भांड्याले लागे, टन्... मंग पुन्हा घुम्म... मी भांड्यात पाहून राह्यली होती. मान वर केली तर सोमारीबाईनं तोंडाले पदर लावलेला. आन खुर्चीवर लहानूभाऊचे खांदे हालून राह्यले.

"हाच," म्हने. "हाच आवाज. म्या रोज लावो बाई... रोज लावो. पन ते येतच नोती. मले वाटे, आवाज तर तोच हाये, मंग काऊन येत नाई? रिकामी फिरवत होतो ना मी... रिकामी."

बटन बंद कराचं होतं, पन बंद कोन करन? फेटत राह्यली. ते पीठ एवढं फेटल्या गेलं, एवढं फेटल्या गेलं, का सोमारीबाईनं शेवटी त्याचे धिरडे टाकले आन आमी तिघाईनं बसून खाल्ले. चिवट झालते. भाऊनं दोन जास्त खाल्ले.

मशीन देल्ली त्याइनं. "न्या," म्हने, "तुमच्याकडं भरलेली फिरन." वच्छलाबाईच्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं झाकन होतं, तेबी देल्लं. एसटीत मांडीवर घेऊन बसली मी. वजन एवढं, का पायाले मुंग्या आल्या. आन गडचिरोली येवोस्तोर झाकनातून व्हॅनिलाचा वास, जनू आताच कोनी केक काढला. बाजूची बाई म्हने, "लेकरू झोपलं का?"

झालं. केक झाला, चौदा एप्रिल झाली, मशीन जागची तसूभर हालली नाई, अश्विनचा जीव पृथ्वीवर आला. मले वाटलं, संपलं. कायचं संपते!

लहानूभाऊचा फोन. "बाई, नीट पोचली का ते?" मी म्हटलं, पोचली. दुसऱ्या दिवशी, "चालते का?" चालते. मंग एक दिवस, ऐन दुपारी, हळूच, "आज काही ऑर्डर हाये का? फोन थोडा तिच्याजवळ ठेवता का?"

ठेवला! नाई म्हनता येते का जी? तवापासून रोज दुपारी फोन ओट्यावर, मशीन सुरू, घुम्म... घुम्म... आन तिकडं बाबूपेठले एक मानूस खुर्चीवर पाठ करून. बोलत काहीच नाई. फक्त श्वास आयकू येते. ऑर्डर नसली तरी मी आता काही ना काही फेटते. शेजारीन विचारते, "कोनाचा बड्डे व?" काय सांगू, कोनाचा? मले फक्त मशीन घ्याची होती! आन खोटं नाई बोलत... एकादी दुपार फोनले उशीर झाला ना, का मीच मांगं वळून पाह्यते. स्वयंपाकघरात कोनी उभं हाये असं वाटते. अंगठा आपोआप त्या खड्ड्यात जाते.

काल तर हद्द झाली. वारा सुटला, आन फेटता फेटता लाइट गेली. मशीन बंद. फोनमधून भाऊ एकदम घाबरून, "थांबली काऊन? बाई... थांबली काऊन?"

म्हटलं, "लाइट गेली भाऊ. मशीन ठीक हाये."

थोड्या वेळानं म्हनते, "लाइट गेली का ते चमच्यानं फेटे."

आता बोला! अंधारा ओटा, घाम गळून राह्यला, आन मी चमचा घेतला. फोन जवळ ओढला. फेटाले लागली, टक् टक् टक् टक्... जोर लावून, का मानसाले बाबूपेठपावतर आयकू गेलं पाह्यजे! हात भरून आला जी, तरी थांबली नाई. तिकडं सगळं चूप. मले वाटलं, रडत असतीन बिचारे. मलेबी भरून आलं.

तर भाऊ म्हनतात कसे, "बाई... वच्छला हलक्या हातानं फेटे. तुमी लय आपटता."

काय म्हनाव जी याले?

म्हटलं, "बरं भाऊ." आन हळू फेटाले लागली.