तात्यांच्या जीपचा हूक

आरं, हूक म्हणलं की मला तात्यांची जीपच आठवती! पंच्याण्णव-शहाण्णव सालची गोष्ट. तात्या म्हंजे आमचं चुलतं. त्यांनी नवी कोरी जीप घेतली आन् दुधाचे कॅन भरलेली ट्रॉली वडगावातनं बारामतीला वढायची म्हणून घरीच तिच्या मागं हूक बसवायला घेतला. दोन दिवस जीपखाली झोपून भोकं पाडली, बोल्ट आवळलं. आईनं हुकाला कुंकू लावलं. बघायला सगळी वस्ती गोळा झाली!

आमचं आजोबा, आबा, म्हणालं, "थांबा. आधी बैलं जुपून बघू. बैलांच्या वढीला टिकला, तरच हूक खरा."

जुवाची साखळी हुकाला आडकवली. तात्या ऐटीत जीपमधी बसलं. "दोन पावलं वढू द्या, मग मी ब्रेक मारतो."

बैलं निघाली, मागं जीप उलटी निघाली, आमी टाळ्या पिटल्या! पर तात्यांची सवय अशी, की बैल दिसला की हॉर्न. आरशात बैलं दिसली आन् ब्रेक राहिला बाजूला, तात्यांनी हॉर्नच दाबला!

बैलं जी उधळली! साखळी सुटंपर्यंत बैलं उसात आन् जीप पाटात. मागची दोन्ही चाकं चिखलात, त्वांड आभाळाकडं. तात्या आतनं वरडत्यात, "आबा, मी हाय हितं!"

आबांनी त्यांच्याकडं बघितलं बी न्हाय. पाटात उतरलं, हुकावरचा चिखल पुसला, हिसका मारून बघितला.

"तात्या, हूक लय पक्का बसलाय," आबा म्हणालं. "आता एक फुडं बी बसव. गाडी भायेर काढायचीय."