बॉनेटवरचे डबे

लातूरला बारावीच्या क्लासला होतो, तेव्हाची गंमत ऐका. जवळच्याच आमच्या मुरुड गावाहून डबे सकाळच्या एसटीनं यायचे, ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर बसून, गरमागरम. रिकामे डबे संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. खोलीतला माझा जोडीदार सलीमही मुरुडचाच. त्याला माझ्या आईचे धपाटे आवडायचे, मला त्याच्या अम्मीची खट्टी दाळ. मग काय, आम्ही गुपचूप डबेच बदलून खायला लागलो.

महिन्याभरानं एक दिवस डब्यासोबत आईच गाडीतून उतरली.

"खरं सांग, माझा डबा कोण खायलंय?"

"मीच की!"

"खोटं नको बोलू. तू जल्मात डबा धुतला न्हाईस, अन् महिना झाला डबा लख्ख होऊन यायलाय!"

सलीम खाली बघून हसत होता. त्याच्याकडं एकदा बघून आई परतीच्या गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी धपाटे दुप्पट आले. मी खुशीत सलीमच्या घरचा डबा उघडला, तर वरच त्याच्या अम्मीची चिठ्ठी, माझ्या नावानं: "बेटा, दाल रोज खा, मगर डब्बा धो को भेज."