विहिरीतलं झाड

लांज्याच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"सखूवहिनी, पिशवीत एवढं जड काय?"

"विहीर खणताना लांबडा दगड निघालेला ना, त्याचा तुकडा. रत्नागिरीला कॉलेजात दाखवून आले."

"दीपकभाऊ फोडून कुंपणाच्या गडग्याला लावणार होते तो?"

"तोच. मी यांना आडवी आले. म्हटलं, यात झाडाची वर्तुळं दिसतायत. सगळे हसले मला."

"मग?"

"मॅडमनी भिंगातून बघितलं. म्हणाल्या, झाडच होतं. लाखो वर्षांपूर्वी गाळात पुरलं गेलं. पाण्यातली खनिजं कणाकणाने भरत गेली नि लाकडाचा दगड झाला."

"म्हणजे तुमचंच खरं!"

"घरी फोन केला, तर यांनी बाकीचा ओंडका धुऊन अंगणात मांडलाय. येईल त्याला सांगतायत, आमच्या हिने ओळखला!"