तिसऱ्या भागातलं रक्त

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमचे दिग्दर्शक चंद्रहासराव, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सिप्रियनभाऊ, पहिल्या रांगेत बसलेल्या अँजेलिनावहिनी आणि रसिकहो, सर्वांना नमस्कार.

 

‘किल्ल्यातला पाहुणा’ या आमच्या व्हॅम्पायरपटाचे तीनही भाग आपण गोड मानून घेतलेत. पहिल्या भागात व्हॅम्पायर झालेल्या भाऊंच्या अंगावर झगा म्हणून चंद्रहासरावांच्या घरचा पडदा होता. नीट पाहिलंत तर कड्यासुद्धा दिसतात. शूटिंगसाठी वालीवच्या कारखान्याचा गाळा आणि आवार आम्हाला फक्त रविवारी दिवसा मिळायचं, म्हणून आमचा व्हॅम्पायर भर उन्हात हिंडतो. शिवाय प्रत्येक भागाच्या शेवटी तो मरतो आणि पुढच्या भागात सरळ उठून येतो. कसा? खुलासा नाही. यावरून मी अध्यक्षांशी भांडलेय. ते म्हणायचे, “बाई, लोक त्याला बघायला येतात, खुलासा ऐकायला नाही.”

माझं काम वही ठेवण्याचं. कुठल्या बाहीवर डाग, बाटलीत रक्त किती उरलं, हे लिहायचं, म्हणजे पुढचा शॉट जुळतो. रक्त म्हणजे कोकमाचं आगळ आणि कॉर्नफ्लॉवर. सकाळी बाटली भरून बुचावर चिकटपट्टी मीच लावायची. पडद्यावर ते सरबतासारखं दिसायचं. तिसऱ्या भागात मात्र भाऊंच्या ओठांवरून जे ओघळलं, ते इतकं अस्सल होतं की सेटवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे आपणही वाजवल्यात.

मी बाटली उचलली. चिकटपट्टी तशीच होती, बाटली उघडलीच नव्हती.

भाऊंनी रुमालाने तोंड पुसलं. म्हणाले, “लिहू नको गं. पिक्चर बंद पडंल. कोनाला बोलू नको.”

मी लिहिलं नाही. चार महिने गप्प राहिले. घरी डायरीत मात्र रोज स्वतःला विचारायची, हे त्यांच्या शब्दाखातर, की मलाही पिक्चर पुरा व्हायला हवा होता? दुसरंच खरं असावं, ही भीती अजून जात नाही. अखेर पाचूबंदरला त्यांच्या घरी जाऊन वहिनींना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तेव्हाच का नाय आलीस?”

उद्या भाऊंचं ऑपरेशन आहे. डॉक्टर ‘बघू’ एवढंच म्हणतात. आज हे सांगायची परवानगी भाऊंनीच दिली. म्हणाले, टाळ्या चुकून वाजल्या होत्या, ते लोकांना कळू दे.

भाऊ, तिसऱ्या भागाच्या शेवटी आम्ही तुम्हाला मारलंय. चौथ्या भागाची वही मी आणलीय, पहिलं पान कोरं आहे. तुम्ही फक्त उठून या. कसे आलात, ते मी विचारणार नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना चुकले असेन तर पोटात घाला. बोलले नाही, ती चूक मात्र माझ्याकडेच राहू द्या.