बाराच्या आधीचा भोंगा

बळवंतराव : ...म्हणून म्हणतो ताई, चहा घ्या, पाय पसरून बसा, पंखा लावतो. पर गुरुवारच्या साक्षीचं तेवढं सोडून बोला.

नलिनीताई : चहा घेते. पंखा नको. आणि गुरुवारचंच बोलायला आलेय.

बळवंतराव : महिन्यात तिसरी खेप तुमची. मतं मागायलाबी आमदार एवढ्या येळा येत न्हाईत.

नलिनीताई : मतं तर तुम्ही लोकांनी दिलीच नव्हती. तुमच्या वस्तीच्या पेटीत माझी अकरा निघाली होती.

बळवंतराव : त्यातली दोन ह्या घरातली.

नलिनीताई : हे प्रत्येक घरात सांगतात. हिशेबानं माझी ऐंशीएक व्हायला हवी होती.

लीला : ताई, जीप नाही दिसली बाहेर.

नलिनीताई : एसटीनं आले. जीप सकाळीच बडोद्याला गेली, मोठ्या इस्पितळात. मंगळवार ना आज, छाती तपासायचा दिवस. सहा जणींची नावं दिली होती. तुमचं नाव पहिलं होतं, लीलाबाई. गेला का नाहीत?

लीला : मला आता... बरं वाटतंय.

बळवंतराव : काय बरं वाटतंय. पलीकडची इंदिराबाई रडाय लागली, हिनं आपली जागा तिला दिली. वर मला सांगती, डोक्यात चक्कर होती म्हणून राहिले.

लीला : इंदिराबाईला जास्त त्रास आहे. तिला... रात्री आडवं होता येत नाही.

नलिनीताई : पुढच्या मंगळवारी मी स्वतः येऊन बसवीन. बळवंतराव, आता तुमचं. वही काढते.

बळवंतराव : काढा. ती वही बघितली की मला शाळेतले मास्तर आठवतात. चौथीत त्यांनी मला सोडलं का मी त्यांना, अजून नक्की न्हाई.

नलिनीताई : घाबरायचं काम नाही. सगळ्यांना एकच विचारते. भोंगा वाजला तेव्हा तुम्ही काय करत होतात, आणि मग काय केलंत?

बळवंतराव : तेच तर. गॅस सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी किती पुढारी आले ताई, केळी वाटली, फोटो काढले, गेले. आन तुम्ही इंदिराबाईच्या चुलीपाशी बसून विचारत होता, डाळीला फोडणी दिली होती का द्यायची होती. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलंय. माणसं खोकून मरायला लागलीत आन ही फोडणी विचारती.

नलिनीताई : फोडणीवरून वेळ कळते. या वस्तीत घड्याळं चार. पण चुली एक्केचाळीस.

बळवंतराव : ते मंग कळलं आम्हाला. दोन महिन्यांनी.

नलिनीताई : एक्केचाळीस जणींनी एकच सांगितलंय. भोंगा वाजला, बाराचा म्हणून नवऱ्यांचे डबे बांधले, आणि कारखान्याच्या गेटाकडे निघाल्या. गॅस गेटापाशीच उतरला होता. आता भोंग्याच्या दोरीपाशी जो उभा होता त्याचं बोलणं राहिलंय.

बळवंतराव : दोरी न्हाई. साखळी.

नलिनीताई : साखळी. लिहिते.

बळवंतराव : लिहू नका. आहो, मी काय सांगू तिथं? गांधीनगरला जन्मात गेलो न्हाई. चौदा वर्षं बॉयलरपुढं उभा. माझी गुजराती म्हणजे चाय लाव, कोलसो लाव, वाल्व बंद कर. विधानसभेची समिती म्हणजे काय वाल्व हाय?

नलिनीताई : मराठीत बोला. मी गुजरातीत सांगेन, शब्दाला शब्द. समितीत पाच जण आहेत, त्यातल्या दोघांना तर माझंही गुजराती पटत नाही. म्हणतात, बेन, तुमची गुजराती राजवाड्यातली.

बळवंतराव : आन नोकरी?

नलिनीताई : नोकरीचं वचन देत नाही. देता येत नाही, म्हणून. साक्षीदाराला काढलं तर सभागृहात उभी राहून रोज विचारीन, का काढलं. एवढं माझ्या हातात आहे.

बळवंतराव : दुसरा कोण पुढारी असता तर म्हणाला असता, मी बसलोय ना.

नलिनीताई : म्हणून तर त्याला अकरापेक्षा जास्त मतं पडतात. बळवंतराव, एक विचारू? कंपनीनं कसल्या कागदावर सही मागितलीय?

बळवंतराव : कुणी सांगितलं?

नलिनीताई : कुणी नाही. तुमच्या पाळीच्या तिघांकडे मागितलीय, म्हणून विचारलं.

लीला : कसला कागद?

बळवंतराव : काही न्हाई गं. हजेरीचा.

लीला : चार दिवस तुम्ही... गणपतीच्या तसबिरीमागं हात घालून बघता. हजेरीसाठी?

बळवंतराव : उद्या सकाळी सही करून द्यायचाय. साहेब म्हणाले, ह्यात तुझ्यावर काही येत न्हाई, उलट सुटतोस. विंग्रजीत हाय. मी काय वाचणार.

नलिनीताई : आणता?

(बळवंतराव उठून तसबिरीमागचा कागद काढून देतात. ताई तो एकदा मनात वाचतात, मग मोठ्यानं मराठीत.)

नलिनीताई : यात लिहिलंय : 'अकरा वाजून चाळीस मिनिटांनी क्लोरीनची गळती लक्षात येताच मी, बळवंत, कंपनीच्या लेखी नियमाप्रमाणे धोक्याचा भोंगा दिला. थांबून थांबून, सात वेळा. धोक्याची खूण दिलेली असूनही वस्तीतल्या बायका बेपर्वाईनं गेटाकडे आल्या.'

बळवंतराव : सात?

नलिनीताई : सात लिहिलंय.

लीला : एकदाच वाजला.

बळवंतराव : तू गप जरा.

लीला : एकदाच वाजला, ताई. लांब. ह्यांचा हात... मला कळतो. दुसऱ्या पाळीचा बाबा ओढतो तर मध्येच तुटतो आवाज. ह्यांचा तुटत नाही. मी म्हटलं, आज बारा लवकर वाजले. भाजी कच्ची होती. तशीच डब्यात घातली.

बळवंतराव : झालं. आता ऐकलंत ना ताई? मग मी काय वेगळं सांगायचं राहिलं? लिहा. वाल्व फुटला, पिवळं धुकं उठलं, पाळीतला मोहनराव ओरडला, भोंगा दे. मी साखळी धरली आन ओढली. चौदा वर्षं दिवसातून तीन येळा ओढलेली साखळी. सात येळा वाजवायचा, हे कुणी शिकवलं होतं? हाताला एकच ओढणं ठावं. लांब. बाराचं. कान सांगत होते, अरे हा बाराचा झाला, पर हात सोडंना. भोंगा चुकला तर पगार कापतात, म्हणून मधीच तोडला न्हाई कधी. आन वस्तीतल्या सगळ्या निघाल्या, आमची ही सगळ्यात पुढं. चाल भारी हिची. होती.

नलिनीताई : सात वेळा वाजवायचा असतो हे तुम्हाला कधी कळलं?

बळवंतराव : गॅसनंतर. साहेबाच्या केबिनमधी भिंतीवर विंग्रजी पाटी हाय म्हणे, त्यात लिहिलंय. मी केबिनमधी जातो कधी? बोनसच्या पेढ्याला, ते बी चपला बाहेर काढून.

नलिनीताई : चौदा वर्षांत कधी वाजवून दाखवला? वस्तीला बोलावून, हा बाराचा, हा पळायचा?

बळवंतराव : न्हाई.

नलिनीताई : हेच. कंपनी म्हणते, नियम आहे, कामगार नि बायकांनी पाळला नाही. कायद्यात मी जो बदल मागतेय त्यात धोक्याचा भोंगा वेगळ्याच आवाजाचा, वेगळ्या साखळीचा. महिन्यातून एकदा वस्तीला सांगून वाजवून दाखवायचा. वाऱ्याच्या कुठल्या बाजूला पळायचं ते बायकांना आधी चालून दाखवायचं. इथं वाघोडियालाच नाही, साऱ्या राज्यात. पण समिती म्हणते, एक्केचाळीस बायकांनी ऐकलं ते ऐकीव. हात कुणाचा होता, त्याला आणा.

बळवंतराव : म्हणजे मी उभं राहून सांगायचं, माझ्याच हातानं बायकोला गॅसमधी बोलावली. साऱ्यांच्या देखत.

नलिनीताई : हो. तसंच सांगायचं.

बळवंतराव : गोड बोलून तरी सांगा की. म्हणा, तुमचा दोष न्हाई.

नलिनीताई : ते मी म्हणून काय उपयोग? त्या दिवशी मी नव्हतेच इथं. ज्या होत्या त्यांना विचारा.

लीला : अहो.

बळवंतराव : काय.

लीला : चार महिने तुम्ही जेवताना... ताटाकडं बघता. माझ्याकडं नाही.

बळवंतराव : तुझा श्वास ऐकू येतो जेवताना. तो ऐकत जेवतो.

लीला : तुम्ही बोलावलंत, मी आले. बारा वाजता कोणाला... दुसरं काय सुचतं? उपाशी राहता म्हणून धावत आले. आता त्यांनी लिहिलंय मी बेपर्वा. त्या कागदावर तुम्ही सही केलीत तर तेवढं मात्र... मी विसरणार नाही.

बळवंतराव : सही करणारच नव्हतो.

लीला : मग चार दिवस काय तसबिरीला राखण ठेवली होती?

बळवंतराव : धाडस जमवत होतो, दुसरं काय. ताई, द्या तो कागद. फाडू?

नलिनीताई : फाडू नका. मला द्या. गुरुवारी मी तो समितीपुढं ठेवीन, आणि तुम्ही सांगायचं, वाजला किती वेळा.

बळवंतराव : एकच. लांब. माझ्याच हातानं. आन आवाज चढला माझा, तर?

नलिनीताई : चढू दे. भाषांतरात मी तो चढवीनच.

बळवंतराव : गाडी कितीला?

नलिनीताई : पहाटे पाचची एसटी, डेपोवरून. जागा धरायला मी साडेचारला येते.

बळवंतराव : तुम्ही धरणार? आमदार जागा धरतात, हे बघायला तरी यायला पायजे. पर ताई, ही एकटी घरात...

लीला : मी एकटी का राहू? एक्केचाळीसमधली एक... तिथं नको का? मला पण यायचंय.

बळवंतराव : अगं, तिथं तीन मजले असतील. तुला दोन पायऱ्या चढताना बसावं लागतं.

लीला : मग मी खालीच बसेन. तुम्ही वर सांगून या.

नलिनीताई : कशाला. समितीला उतरता येतं.